सिंगापूर–न्यूयॉर्क: १५,३४९ किलोमीटर, फक्त कागदावर

सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानाने किती लांब, असं शोधलं की उत्तर मिळतं १५,३४९ किलोमीटर. किती वेळ, तर साधारण पावणेएकोणीस तास. दोन्ही आकडे बरोबर आहेत. गंमत अशी की पहिल्यावरून दुसरा निघत नाही, कारण ही विमानं ते १५,३४९ किलोमीटर सहसा उडतच नाहीत. ऑक्टोबर २०१८मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्क विमानतळाची विनाथांबा सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा कंपनीनेच अंतर सांगितलं होतं सुमारे १६,७०० किलोमीटर. कागदावरच्या आकड्यापेक्षा साडेतेराशे किलोमीटर जास्त. आणि हा वाढीव रस्ता धरतात तो वेळ आणि इंधन वाचवण्यासाठी.

उलटं वाटतं, पण हिशेब सरळ आहे. कोणत्याही दोन लांबच्या शहरांना तो लागू पडतो. ही जोडी घ्यायची एवढ्यासाठी, की अंतर इतकं मोठं असलं की लहान उड्डाणांत दडून राहणारी प्रत्येक गोष्ट उघडी पडते.

कागदावरचा आकडा येतो कुठून

पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला की तो ज्या रेषेवर बसतो ती सर्वांत जवळची वाट. तिला ग्रेट सर्कल म्हणतात, भूगोलाच्या पुस्तकातलं बृहद्वृत्त. भिंतीवरच्या सपाट नकाशात हीच रेष वर फुगलेल्या कमानीसारखी दिसते आणि विमान उगाच वळसा घेतंय असं वाटतं. चूक नकाशाची असते. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ध्रुवांकडचा भाग इतका ताणलेला असतो, की तिथल्या शंभर किलोमीटरना विषुववृत्तावरच्या पाच-सहाशे किलोमीटरएवढी जागा मिळते.

सूत्र शाळेतल्या त्रिकोणमितीचंच आहे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार. जी संख्या येईल तिचा उलटा कोसाइन काढायचा, अंशांतल्या उत्तराला १११.१९५ने गुणायचं, की किलोमीटर मिळाले.

सिंगापूरचा चांगी विमानतळ १.३६ अंश उत्तर, १०३.९९ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. रेखांशांतला फरक १७७.७७ अंश. सूत्राचा पहिला भाग येतो ०.०१५५, दुसरा वजा ०.७५८०. बेरीज वजा ०.७४२६, तिचा कोन १३७.९५ अंश, म्हणजे सुमारे १५,३४० किलोमीटर. छापील आकड्यापेक्षा नऊ-दहा किलोमीटर कमी, कारण हे सूत्र पृथ्वीला पूर्ण गोल धरतं. प्रत्यक्षात ती ध्रुवांशी थोडी चपटी आहे: विषुववृत्ताकडे त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७. चांगली संकेतस्थळं हा चपटेपणा धरून मोजतात. गोल धरल्यामुळे होणारी चूक फार तर अर्ध्या टक्क्याच्या घरात राहते, तेव्हा घरगुती हिशेबाला गोल पृथ्वी पुरते.

या जोडीत एक सोय आहे. रेखांशांतला फरक जवळजवळ १८० अंश, म्हणजे दोन्ही शहरं ध्रुवाच्या दोन विरुद्ध बाजूंना. त्यामुळे सूत्राशिवायही चालतं: सिंगापूरहून उत्तर ध्रुव ८८.६४ अंश, ध्रुवापासून न्यूयॉर्क ४९.३६ अंश, बेरीज १३८. म्हणजे १५,३४५ किलोमीटर. ही रेष कंबोडिया, थायलंड, लाओस, चीन, मंगोलिया, सायबेरिया असं जवळपास सरळ उत्तरेला चढते, ध्रुवापासून सुमारे २८० किलोमीटरवरून जाते आणि बॅफिन बेट, क्वेबेक करत न्यूयॉर्कला उतरते. यादी वाचतानाच अडचण लक्षात आली असेल. तिच्याकडे नंतर येऊ.

स्वतः मोजताना चुका ठरलेल्या जागी होतात. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश वजा धरायला विसरणं ही पहिली. उत्तर हजारो किलोमीटरने चुकतं, त्यामुळे निदान लगेच कळतं. दुसरी लपून राहते: ४०° ३८′ हे ४०.३८ लिहिणं. ३८ मिनिटं म्हणजे ०.६३ अंश, तेव्हा ते ४०.६३ हवं. एवढ्यानेच २८ किलोमीटर सरकतात. स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर तिथला साइन-कोसाइन अंश न घेता रेडियन घेतो, आधी रूपांतर करा. आणि मैल पाहिला की कोणता ते विचारा. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, वैमानिकांचा नॉटिकल मैल १.८५२चा. १५,३४९ किलोमीटर म्हणजे ९,५३७ साधे मैल, पण ८,२८८ नॉटिकल मैल. काही ठिकाणी अंतर विमानतळापासून न मोजता शहराच्या मध्यापासून मोजलेलं असतं. हजारो किलोमीटरांत त्याने फरक पडत नाही, तीनशे किलोमीटरच्या उड्डाणात पडतो.

विमान जमीन कापत नाही, हवा कापतं

आता मूळ मुद्दा. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो. हवा स्वतः सरकत असेल, तर जमिनीवरून मोजलेलं अंतर विमानाच्या दृष्टीने खरं अंतर राहत नाही. नदीत पोहणाऱ्याला काठावरचे खांब मोजून दमणूक कळत नाही, तसंच.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतात. ताशी दोनशे किलोमीटर ही त्यांची नेहमीची चाल. हिवाळ्यात जपानच्या पूर्वेला आणि उत्तर अटलांटिकवर तीनशेच्या पुढे जाणंही नवीन नाही. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरला, तर अशा प्रवाहात शिरणं किंवा टाळणं हाच मार्ग आखणाऱ्याचा निम्मा उद्योग.

सोप्या आकड्यांत मांडू. समजा त्या दिवशी ध्रुवाकडच्या १५,३५० किलोमीटरच्या वाटेवर सरासरी २० किलोमीटरचा वारा समोरून आहे. जमिनीवरचा वेग ८८०, वेळ १७ तास २७ मिनिटं. प्रशांत महासागरावरची वाट १६,७०० किलोमीटरची, पण तिथे सरासरी ८० किलोमीटरचा वारा पाठीवर आहे. वेग ९८०, वेळ १७ तास २ मिनिटं. तेराशेपन्नास किलोमीटर जास्त जाऊन पंचवीस मिनिटं आधी.

विमानाने खरोखर कापलेली हवा पाहिली तर गणित आणखी स्पष्ट होतं. पहिल्या वाटेवर विमान ताशी ९००ने सुमारे १५,७०० किलोमीटर हवा कापतं, दुसरीवर १५,३३७. म्हणजे 'लांब' वाट विमानासाठी ३६० किलोमीटरने आखूड आहे. इंधन जळतं ते याच हवेतल्या अंतरावर. फ्लाइट प्लॅनमध्ये जमिनीवरचं आणि हवेतलं अशी दोन्ही अंतरं असतात, आणि डिस्पॅचरची, म्हणजे जमिनीवर बसून मार्ग आखणाऱ्याची, नजर आधी दुसऱ्यावर जाते. प्रवाशांना दाखवतात तो आकडा मात्र पहिला.

म्हणून सिंगापूरहून निघालेलं विमान बहुतेकदा तैवान-जपानच्या बाजूने प्रशांत महासागरावर जातं, तिथला जेट पकडतं आणि उत्तर अमेरिका ओलांडून न्यूयॉर्कला उतरतं. परतीला हाच वारा छातीवर येईल, म्हणून तिथून निघालेलं विमान बऱ्याचदा अटलांटिक, युरोप, मध्य आशिया असं जातं. जाताना पूर्वेकडे, येताना पुन्हा पूर्वेकडेच. अशा दोन वाटा जुळून आल्या तर जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा होते, आणि तिकिटावर त्याचा कुठे उल्लेख नसतो.

दोन्ही शहरं एकाच पट्ट्यात पूर्व-पश्चिम असली की ही सोय नाही; तिथे जाता-येताचा फरक सहन करावा लागतो. लंडन–न्यूयॉर्क ५,५४० किलोमीटर. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर न्यूयॉर्कहून येताना ५ तास ३२ मिनिटं, जाताना ६ तास ५५ मिनिटं हवेत. दोन्हींची बेरीज १२ तास २७ मिनिटं होते, वारा अजिबात नसता तर १२ तास १९ मिनिटंच झाले असते. एका बाजूला मिळालेलं दुसऱ्या बाजूला पूर्ण फिटत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. आडवा वारासुद्धा फुकट नसतो. ताशी १५०चा वारा अगदी काटकोनात लागला, तर नाक वाऱ्याकडे वळवून उडावं लागतं आणि ९००पैकी ८८७च कामी येतात.

वारा जोरात असला की काय होतं, याचं ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२०चं. किआरा वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीपेक्षा वेगात गेलं म्हणून तेव्हा बरेच जण चक्रावले. तसं झालं नव्हतं. आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ते आपल्या नेहमीच्याच वेगात होतं. न्यूयॉर्क–लंडन खरोखर ध्वनीहून वेगात जायचं ते काँकॉर्ड. त्याचा ७ फेब्रुवारी १९९६चा विक्रम २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांचा.

या अटलांटिकवर वाटा रोज बदलतात. स्कॉटलंडमधून चालणाऱ्या शॅनविक आणि कॅनडाच्या गँडर या दोन नियंत्रण केंद्रांनी वारा बघून दिवसाचे आणि रात्रीचे समांतर ट्रॅक जाहीर करायचे, ही तिथली जुनी पद्धत. काल तुमचं विमान आइसलंडजवळून गेलं आणि आज अझोर्सच्या बाजूने, यात वैमानिकाची लहर काही नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली शहर आपणहून सरकत यायला हवं, नाही का? नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. परिवलनाचा परिणाम होतो तो वाऱ्यांमार्फत, आणि तो पूर्वेला जाणाऱ्याच्या बाजूने.

ताशी ९०० म्हणजे नक्की किती

लांब पल्ल्याची मोठी विमानं साधारण माख ०.८५ने उडतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के. पण ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. बाहेर वजा ५६.५ अंश सेल्सिअस असेल तर माख ०.८५ म्हणजे ताशी ९०३ किलोमीटर. हवा दहा अंशांनी आणखी थंड असेल तर तेच माख ०.८५ ताशी ८८२वर येतं. वारा तोच, माख तोच, आणि पंधरा तासांत तीनशेहून जास्त किलोमीटर, म्हणजे वीसेक मिनिटं गेली. उशिराचं कारण वारा म्हणून सांगतात तेव्हा त्यात हाही वाटा असतो.

उशीर भरून काढायला वेग वाढवता येतो, पण थोडाच. माख ०.८५चं ०.८६ केलं तर ताशी दहा-अकरा किलोमीटर मिळतात, सतरा तासांत बारा मिनिटं. त्यासाठी जळणारं इंधन मात्र त्या मानाने जास्त असतं. वेळेची किंमत आणि इंधनाची किंमत यांचं गुणोत्तर, ज्याला कॉस्ट इंडेक्स म्हणतात, ते विमानाच्या संगणकात आधीच भरलेलं असतं. वेग त्यावरून ठरतो.

हवेतला वेळ आणि तिकिटावरचा वेळ

वरचे सगळे तास समतल उड्डाणाच्या वेगाने काढलेले आहेत. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम: गेटवरून विमान हललं तेव्हापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंत. मध्ये चार नोंदी होतात. गेट सुटलं, चाकं जमिनीवरून उचलली, चाकं टेकली, गेटला लागलं. पहिल्या दोन नोंदींमधला वेळ मोठ्या, गजबजलेल्या विमानतळावर वीस-पंचवीस मिनिटं सहज खातो, हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ काढायला रांग लागली तर तासभरही. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, धावपट्टी उलट दिशेची असेल तर विमानतळाला वळसा पडतो.

यावर कंपनी आपली गादी घालते. त्याच मार्गाचे, त्याच मोसमातले आधीचे वेळ काढून बहुतेक दिवशी गाठता येईल असा आकडा वेळापत्रकात छापतात. गेटला पंधरा मिनिटांच्या आत लागलेलं विमान वेळेवर धरलं जातं, हेही त्यात आलंच. म्हणून 'उशिरा निघूनही वेळेवर पोचलो' ही घोषणा ऐकून वैमानिकाला फार श्रेय देण्याचं कारण नाही. बरेचदा ते गादीचं असतं.

घरच्या अंदाजाला एक ठोकताळा चांगला चालतो. अंतर किलोमीटरमध्ये घ्या, ८५०ने भागा, पाऊण तास मिळवा. १५,३४९ला १८ तास ४८ मिनिटं येतात, वेळापत्रकाच्या अगदी जवळ. लंडन–न्यूयॉर्कला सव्वासात तास येतात. प्रत्यक्ष वेळापत्रकात जाताना त्याहून पाऊण तासाभराने जास्त आणि येताना थोडे कमी असतात. तेव्हा पूर्व-पश्चिम मार्गावर उत्तराला अर्धा ते एक तास इकडे-तिकडे ठेवा, उत्तर-दक्षिण मार्गावर जवळपास तसंच घ्या. संकेतस्थळांवरचा 'उड्डाणाचा वेळ' बहुतेकदा असाच, एकच वेग धरून काढलेला असतो, म्हणून तिथे जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा दिसतो. सारखा दिसला की समजायचं, वारा धरलेला नाही.

इतकं इंधन वाहून न्यायचं म्हणजे

या मार्गावर एअरबस ए३५०-९००चा खास लांब पल्ल्याचा प्रकार उडतो. त्यात इंधन मावतं १,६५,००० लिटर, साध्या प्रकारात तेव्हा १,४१,००० लिटर मावत असे. वेगळी टाकी बसवलेली नाही, आहे त्याच टाक्यांत जास्त मावेल अशी रचना बदलली आहे. लिटरमागे ०.८ किलो धरले तर १३० टनांच्या वर वजन, आणि विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन २८० टन. म्हणजे टाक्या भरून निघालं तर जवळजवळ निम्मं विमान इंधनच. त्याची किंमत इतरत्र मोजली जाते: आसनं फक्त १६१, सगळी बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी, आणि सामानाचा पुढचा कक्ष वापरायचा नाही.

जास्तीचं इंधन 'असू दे' म्हणून भरत नाहीत. धंद्यातला ढोबळ नियम असा, की जास्तीचं वजन वाहून नेताना दर तासाला त्या वजनाच्या तीन ते चार टक्के इंधन जळतं. सतरा तासांच्या उड्डाणात एक टन ज्यादा भरला तर पोचेपर्यंत त्यातला अर्धाच्या आसपास स्वतःला वाहून नेण्यातच संपलेला असतो. तरी काही भाग सक्तीचा असतो: जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्यापुरतं, मार्गाचं, अंदाज चुकला तर म्हणून साधारण मार्गाच्या पाच टक्के, दुसऱ्या विमानतळावर जावं लागलं तर तिथपर्यंतचं, आणि शेवटी कोणत्याही परिस्थितीत हात न लावायचं अर्ध्या तासाचं.

वजनामुळे उंचीही ठरते. निघताना विमान इतकं जड असतं की थेट ४१,००० फुटांवर जाऊच शकत नाही. ३१ किंवा ३३ हजारांवर सुरुवात करायची, इंधन जळून हलकं होत गेलं की पायऱ्यापायऱ्यांनी वर चढायचं. पायरी साधारण दोन हजार फुटांची, कारण नेहमीच्या नियमाने पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजार आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजार फुटांची पातळी मिळते. वरची पातळी दुसऱ्या विमानाने अडवली असेल तर तास-तासभर खालीच राहावं लागतं, आणि आखलेल्यापेक्षा जास्त इंधन जातं. मार्ग आखताना वारा एका उंचीचा पाहून चालत नाही ते यामुळे. विमान कोणत्या तासाला कोणत्या पायरीवर असेल, तिथला वारा लागतो.

वाट मोकळी आहे का

ग्रेट सर्कलच्या यादीत सायबेरिया होतं. फेब्रुवारी २०२२पासून युरोप, अमेरिका, कॅनडा आणि इतर काही देशांच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. सर्वांत जास्त मार हेलसिंकीला बसला. हेलसिंकी–टोकियो सुमारे ७,८०० किलोमीटर, पूर्वी नऊ-साडेनऊ तासांचं उड्डाण. बंदीनंतर ते तेरा तासांच्या घरात गेलं, आणि काही उड्डाणं चक्क उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. शहरं तिथेच, ग्रेट सर्कल तेवढंच, वेळ दीडपटीजवळ. नकाशावर अंतर मोजून वेळेचा अंदाज बांधणारं कोणतंही संकेतस्थळ हे सांगत नाही.

ध्रुवाकडची वाट निवडली तर वेगळी पथ्यं. साधारण ८२ अक्षांशाच्या वर भूस्थिर, म्हणजे विषुववृत्तावर एकाच जागी स्थिर दिसणारे, उपग्रह क्षितिजाशी इतके खाली जातात की त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तिथे दूरवर पोचणारा जुना एचएफ (शॉर्टवेव्ह) रेडिओ किंवा ध्रुवीय कक्षेतले उपग्रह कामाला येतात. सूर्यावर मोठा उद्रेक झाला तर एचएफही जातो, आणि मग वाट बदलून खाली घ्यावी लागते. दुसरं, टाकीतलं इंधन गोठण्याचा प्रश्न. जेट ए-१ प्रकाराची गोठणमर्यादा वजा ४७ अंश, अमेरिकेत मिळणाऱ्या जेट एची वजा ४०. म्हणजे न्यूयॉर्कहून भरून निघालेल्या विमानाला सात अंशांची सवलत कमी. इंधनाचं तापमान मर्यादेपासून तीन अंशांवर आलं की काहीतरी करावं लागतं: उबदार हवेच्या थरात उतरायचं किंवा वेग वाढवायचा. माख ०.०१ने वाढवला की घर्षण आणि दाबामुळे पंखाभोवतीचं तापमान साधारण अर्धा अंश चढतं. दोन्ही उपायांना जास्त इंधन लागतं, आणि वेळेचा हिशेब पुन्हा हलतो.

समुद्रावर दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक अट. एक इंजिन बंद पडलं तर ठराविक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ मार्गाच्या कुठल्याही बिंदूपासून हवा. मूळ मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५मध्ये १२० झाली, आता ए३५०ला ३७० मिनिटांपर्यंतची परवानगी मिळू शकते. पूर्वी या अटीमुळे वाटा किनाऱ्याकडे वाकायच्या. आता नियमाने वाकत नाहीत, पण अलास्कातल्या कोल्ड बेसारख्या आडबाजूच्या धावपट्टीवर धुकं दाटलं तर त्या दिवसाची आखणी अजूनही बदलते.

घड्याळाचा हिशेब

सुटण्याची वेळ त्या शहराची, पोचण्याची दुसऱ्या शहराची. त्यांची थेट वजाबाकी करायची नाही. आधी दोन्ही एकाच घड्याळात आणा.

सिंगापूर यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ८ तास पुढे, वर्षभर. न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे, उन्हाळ्यात ४. म्हणजे फरक कधी १३ तास, कधी १२. उदाहरणार्थ, जानेवारीत सोमवारी रात्री ११.३०ला सिंगापूर सोडलं. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सोमवारचेच सकाळचे १०.३० वाजलेले असतात. त्यात १८ तास ४५ मिनिटं मिळवा: मंगळवार पहाट, ५.१५. तिकिटावर पावणेसहा तासांचाच प्रवास वाटतो. खिडकीतून मात्र दोन रात्री आणि त्यांच्यामधला एक आखूड दिवस दिसतो, कारण विमान सूर्याच्या उलट दिशेने पळत असतं. उलट प्रवासात सोमवारी सकाळी १०.३०ला न्यूयॉर्क सोडलं आणि साडेअठरा तास धरले, तर सिंगापूरला मंगळवारी संध्याकाळी ६ वाजता उतराल.

उन्हाळी वेळेच्या बदलाने दरवर्षी लोकांचे घोटाळे होतात. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत, मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा, लंडन–न्यूयॉर्क फरक नेहमीच्या पाचऐवजी चार तासांचा असतो. त्याच आठवड्यांत पुढचं विमान हातचं जातं.

मध्ये थांबलं तर

न्यूयॉर्क–फ्रँकफर्ट सुमारे ६,२०० किलोमीटर, फ्रँकफर्ट–सिंगापूर सुमारे १०,३००. बेरीज १६,५००, ग्रेट सर्कलपेक्षा साडेअकराशे जास्त आणि विनाथांबा विमान प्रशांतावरून उडतं त्याहून कमीच. अंतराचा तोटा म्हणावा असा नाहीच. वेळ जातो तो एकदा जास्तीचं उतरण्यात, जमिनीवर दोन तास उभं राहण्यात आणि पुन्हा चढण्यात: एकूण बाविस-तेवीस तास. इंधनाच्या दृष्टीने थांबलेलंच बरं, अर्धा भार अर्ध्या वाटेवर भरता येतो. विनाथांब्याचे पैसे मोजता ते चार तासांसाठी.

तिकीट घेताना 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' यांत गल्लत करू नका. डायरेक्ट म्हणजे उड्डाण क्रमांक एकच. मध्ये विमान उतरू शकतं, तुम्हाला सामान घेऊन खाली उतरवूही शकतात. खात्री करायला थांब्यांच्या रकान्यात शून्य आहे का ते बघायचं. दोन वेगळी तिकिटं जोडणार असाल तर पहिल्या विमानाचा उशीर दुसऱ्या कंपनीच्या खात्यावर पडत नाही, बॅगाही बहुधा पुढे जात नाहीत, आणि बॅग घेण्यासाठी देशात शिरावं लागलं तर व्हिसाचा प्रश्न येतो. एकाच तिकिटावर विमानतळाने ठरवलेला किमान जोडवेळ पाळलेला असतो, पण तो खरोखर किमान असतो.

आणि जोडवेळ ठरवताना वेळापत्रकातला आकडा घेऊ नका. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या उड्डाण क्रमांकाचे मागच्या एक-दोन आठवड्यांचे प्रत्यक्ष गेटला लागल्याचे वेळ मिळतात. त्यांतला सरासरी दिवस सोडा, सर्वांत उशिराचे दोन-तीन दिवस बघा. शिवाय प्रवास हिवाळ्यात असेल तर गेल्या हिवाळ्यातले आकडे बघा. जुलैच्या नोंदींवरून जानेवारीतला प्रशांतावरचा जेट कळत नाही.